कुट्टीच्या यंत्राची पाती नीट बसली आहेत ना?

उन्हाळ्याच्या तोंडावर कडब्याची गंजी उतरू लागली, की एक गोष्ट घरातील बाईच्या आधी लक्षात येते. गव्हाणीत चघळ फार उरते. कुट्टी लांब, चेंबलेली, टोकाला दोरे सुटलेली असली की जनावर पाला वेचून खाते आणि धांडे टाकून देते. बोल कडब्याला लावला जातो. दोष मात्र पुष्कळदा यंत्राचे पाते आणि तोंडाशी असलेली लोखंडी पट्टी यांच्या मधल्या फटीत असतो.

शिंप्याची कात्री सैल झाली म्हणजे कापड कापले न जाता पात्यांत दुमडते. येथेही तसेच. हत्तीगवत किंवा लसूणघास दुमडून बाहेर पडू लागला, की फट वाढली असे समजावे.

दुरुस्तीला बसण्यापूर्वी मोटारीचा प्लग काढून ठेवावा, पट्टा उतरवावा आणि चाकात लाकडाचा ठोकळा अडकवावा. वीज गेली आहे एवढ्यावर विसंबून पात्याला हात लावू नये. ती कधी येईल याचा नेम नसतो!

आता पात्याचे बोल्ट पाहा. काही बोल्ट पाते चाकाला आवळून धरतात, तर काही त्याला पट्टीकडे ढकलतात. धरणारे थोडे सैल करावेत, ढकलणारे पाव-पाव फेरा फिरवावेत. पाते पट्टीला घासता कामा नये, पण फट कागदाच्या जाडीइतकीच राहावी. मग धरणारे बोल्ट पक्के आवळावेत, ठोकळा काढावा आणि चाक हाताने सावकाश एक पूर्ण फेरा फिरवून ऐकावे. ‘खट्’ असा आवाज आला तर पाते आदळते आहे. तसेच चालवले तर धारेला खांडे पडतील. आवाज नसेल तर वर्तमानपत्राचा तुकडा चिमट्यात धरून पट्टीवर ठेवावा, बोटात नव्हे. तो पात्याच्या दोन्ही टोकांशी स्वच्छ कापला गेला पाहिजे. सगळी पाती अशीच तपासावीत. एक जवळ आणि एक दूर राहिले, तर एक घास बारीक आणि दुसरा फाटका पडतो.

धार बोथट असेल तर फट कितीही जुळवली तरी उपयोग नाही. कानस फक्त उताराच्या बाजूने चालवावी. मी एकदा उत्साहाच्या भरात पट्टीकडची सपाट बाजूही घासली. धार गोल झाली आणि नवे पाते आणावे लागले. पट्टीची कडही झिजते. काही यंत्रांत ती उलटून दुसरी कड वापरता येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

कोरड्या कडब्याची एक पेंढी आधी घालून पाहावी. कुट्टी साधारण इंचभर आणि कापाशी साफ पडली म्हणजे झाले. दहा-पंधरा मिनिटे चालवल्यावर यंत्र थांबवावे, प्लग पुन्हा काढावा आणि सर्व बोल्ट एकदा पान्याने तपासावेत. नव्याने बसवलेले पाते पहिल्या धक्क्यांनी हमखास थोडे सैल होते.