नव्वद कोटींचा पुरावा

घरांतील मुलांना एक गणिती खेळ घालून पाहावा. ०, १, २ अशी क्रमानें एकेक संख्या घ्यावी, तिच्या वर्गांत तीच संख्या मिळवावी आणि वर आणखी ४१ मिळवावेत. ४१, ४३, ४७, ५३ अशीं उत्तरें येतात, आणि तीं सर्व मूळ संख्या, म्हणजे १ व स्वतः यांखेरीज कशानेंही न भागल्या जाणाऱ्या. दहा उदाहरणांत मुलांची खात्री पटते. विसांत वडील मंडळीही मान डोलावूं लागतात. ३९ पर्यंत ऑयलरच्या नांवाशीं जोडलेलें हें सूत्र एकदांही दगा देत नाहीं. ४० घेतांच उत्तर येतें १६८१, आणि तें तर ४१ चा वर्ग!

चाळीस अनुभव कोणाला तोकडे वाटतील. जॉर्ज पोल्या यांनीं १९१९ सालीं असा तर्क पुढें मांडला कीं, २ पासून पुढें कोणत्याही संख्येपर्यंत मोजीत गेलें असतां, निदान निम्म्या संख्यांच्या मूळ अवयवांची गणती विषम भरते. १९५८ सालीं तो खोटा ठरला. आणि तो जेथें प्रथम मोडतो ती संख्या, ९०,६१,५०,२५७, १९८० सालीं हातीं आली. नव्वद कोटी अनुभव अनुकूल, तरी व्याप्ति खोटी! धूर आणि अग्नि यांचें साहचर्य किती स्वयंपाकघरें पाहून ठरवावें, हा चार्वाकाचा आक्षेप हंसण्यावारी नेण्याजोगा खास नव्हता.

म्हणून गणिताला सिद्धता हवी असते. गणितांतील प्रत्येक प्रश्नाचा निकाल लागलाच पाहिजे, ही उमेद हिल्बर्ट यांनीं सप्टेंबर १९३० मध्यें, तेव्हांच्या जर्मनींतील केनिग्सबर्ग येथें, मोठ्या आवेशानें बोलून दाखविली. आदल्याच दिवशीं त्याच शहरांत कुर्ट गोडेल या चोवीस वर्षांच्या तरुणानें तिच्या मुळावर घाव घातला होता! विधानांना क्रमांक देऊन त्यानें अंकगणितालाच स्वतःविषयीं बोलावयास लाविलें, आणि 'मी या पद्धतींत सिद्ध होऊं शकत नाहीं' अशा अर्थाचें विधान रचिलें. तें सिद्ध झालें, तर पद्धतीनें असत्य सिद्ध केलें असें होईल. न झालें, तर तें खरें असूनही पद्धतीच्या हाताबाहेर राहिलें. तें नवें गृहीतक म्हणून पदरीं घ्यावें, तर वाढलेल्या पद्धतीसाठीं तसलेंच दुसरें तयार. यावरून बुद्धि पंगु ठरली असा डंका पिटणारे आहेत. पण हा निकालही बुद्धीनें सिद्ध करूनच दिला, हें ते विसरतात.

२ हून मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते, हा १७४२ सालच्या पत्रव्यवहारांतून आलेला गोल्डबाखचा तर्क घ्या. चारावर अठरा शून्यें येथपर्यंत तो पडताळला गेला आहे. सिद्धता मात्र नाहीं. तो खोटा असेल, तर एकच प्रतिकूल संख्या तसें सिद्ध करावयास पुरे. यास्तव अंकगणिताच्या गृहीतकांवरून तो सिद्धही होत नाहीं व असिद्धही होत नाहीं, असें उद्यां कोणीं दाखविलें, तर त्याच क्षणीं तो खरा ठरेल!