दिसणे आणि पाहणे

डोळे उघडले की जग दिसते, यात शिकण्यासारखे काय आहे, असे कोणालाही वाटेल. आपल्या भाषेचा कलही तिकडेच आहे. आपण 'मला झाड दिसते' असे म्हणतो. जणू दिसण्याचे सारे काम झाडच करते. 'मी झाड पाहतो' असे म्हटले की मात्र कर्तेपण माझ्याकडे येते. मानसशास्त्रात ज्यांना संवेदन आणि अवबोध म्हणतात, त्या दोन क्रियांची चाहूल या दोन वाक्यांत लागते. (काही पुस्तकांत हीच जोडी 'वेदन आणि संवेदन' अशी येते आणि परीक्षेच्या आदल्या रात्री घोटाळा होतो; येथे पहिली जोडी वापरली आहे.) प्रकाश नेत्रपटलावर पडल्यावर मज्जातंतूंतून जो संदेश निघतो ते संवेदन, आणि 'हे झाड आहे, ते कुंपणापलीकडे आहे' असे जे कळते तो अवबोध. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना येथे न्यायदर्शनातील निर्विकल्पक आणि सविकल्पक प्रत्यक्षाची आठवण होईल. ती अगदीच अस्थानी नाही. मात्र दोन्ही जोड्या एकच आहेत असे समजू नये.

अवबोध किती कामे गुपचूप उरकतो, याचा पडताळा वाचकांना बसल्या जागी घेता येईल. दोन्ही हात समोर ताठ धरून अंगठे शेजारी शेजारी उभे करा. डावा डोळा मिटा, उजव्या डोळ्याची नजर डाव्या अंगठ्यावर खिळवा आणि उजवा अंगठा हळूहळू उजवीकडे न्या. वीतभर अंतर होण्याच्या सुमारास त्याचे टोक नाहीसे होते. नेत्रपटलावरून दृष्टिचेता जेथून बाहेर पडते तेथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नाहीत, म्हणून असे घडते. पण खरी गंमत पुढेच आहे. अंगठा गेला तरी त्या जागी भोक दिसत नाही. मागची भिंत अखंड दिसते. डोळ्याने न पाठवलेला भिंतीचा तुकडा मेंदूने स्वतःच्या पदरचा घातलेला असतो.

मग हे कसब मेंदूला जन्मतःच असते, की ते अनुभवाने येते? डब्लिनच्या विल्यम मॉलिन्यूने १६८८ मध्ये जॉन लॉक या तत्त्वज्ञाला पत्राने एक प्रश्न विचारला होता. मॉलिन्यूची पत्नी विवाहानंतर थोड्याच काळात अंध झाली होती, त्यामुळे हा प्रश्न त्याला केवळ बुद्धीचा खेळ वाटला नसावा. एखाद्या जन्मांध माणसाला ठोकळा कोणता आणि गोळा कोणता हे हाताने चाचपून ओळखता येते. त्याला एकाएकी दृष्टी आली, तर हात न लावता, नुसत्या नजरेने तो ते ओळखील काय? मॉलिन्यूचे उत्तर 'नाही' असे होते. लॉकने ते मान्य केले आणि १६९४ साली आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत हा प्रश्न घातला. पुढे तीनशे वर्षे तत्त्वज्ञ त्यावर वाद घालीत राहिले.

प्रत्यक्ष पुरावा मात्र फार थोडा होता. १७२८ मध्ये चेसेल्डन या इंग्रज शस्त्रवैद्याने तेरा-चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मोतीबिंदू काढल्यावरही त्या मुलाला कुत्रा कोणता आणि मांजर कोणते हे पाहून सांगता येईना. शेवटी मांजराला धरून, चाचपून, मग निरखून त्याने ते मनाशी पक्के केले. याहून हृदयस्पर्शी हकीकत रिचर्ड ग्रेगरी आणि जीन वॉलेस यांनी १९६३ साली प्रसिद्ध केली. 'एस. बी.' या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा हा इंग्रज गृहस्थ दहा महिन्यांचा असताना अंध झाला होता. बावन्नाव्या वर्षी पारदर्शक पटलाच्या रोपणाने त्याला दृष्टी आली. अंधशाळेत लाकडी अक्षरे चाचपून तो इंग्रजीतील मोठी लिपी शिकला होता; ती त्याला लगेच वाचता आली. छोटी लिपी हाताखालून गेलेली नव्हती, ती वाचता आली नाही. संग्रहालयात लेथ यंत्रापुढे उभे केले तेव्हा त्याला त्यात काहीच उमगेना. डोळे मिटून त्यावर हात फिरवला आणि मग ते त्याला 'दिसू' लागले. पूर्वी काठीच्या आधारे निर्धास्त रस्ता ओलांडणारा हा माणूस आता वाहनांना पाहून गांगरू लागला. संध्याकाळी दिवा न लावता तो अंधारात बसून राही. १९६० मध्ये तो खिन्न अवस्थेतच वारला.

अशा उदाहरणांना ह्यूबेल आणि वीझेल यांच्या प्रयोगांची जोड मिळाली. मांजराच्या पिलाचा एक डोळा जन्मानंतरचे पहिले काही महिने शिवून ठेवला, तर पुढे तो उघडूनही मेंदूचा दृष्टिविभाग त्याला दाद देत नाही, असे त्यांना आढळले. या संशोधनासाठी त्यांना १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बालपणी एक निर्णायक काळ असतो, तो टळला की टळला, ही कल्पना यातून दृढ झाली. वैद्यकात तिचा परिणाम विपरीतही झाला. जन्मांध मूल सात-आठ वर्षांचे झाले की 'आता शस्त्रक्रियेचा उपयोग नाही' असे पालकांना सांगितले जाऊ लागले.

या समजुतीला धक्का दिल्लीत बसला. अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेतील प्राध्यापक पवन सिन्हा यांनी २००५ मध्ये 'प्रकाश' हा प्रकल्प सुरू केला. उत्तर भारतातील खेड्यांतून हजारो मुलांचे डोळे तपासायचे, जन्मजात मोतीबिंदू असलेल्यांवर दिल्लीच्या डॉ. श्रॉफ यांच्या धर्मादाय नेत्र रुग्णालयात मोफत शस्त्रक्रिया करायची, आणि ही मुले पाहायला कशी शिकतात याचा अभ्यास करायचा, असे त्याचे स्वरूप. मॉलिन्यूच्या प्रश्नाची रीतसर परीक्षा झाली ती येथेच. आठ ते सतरा वर्षांच्या पाच मुलांना, शस्त्रक्रियेनंतर दोन दिवसांच्या आत, खेळण्यातल्या ठोकळ्यांसारख्या आकृत्या दिल्या गेल्या. चाचपलेली आकृती चाचपूनच दोहोंतून निवडायची असता शंभरात अठ्ठ्याण्णव उत्तरे बरोबर आली. पाहिलेली पाहून निवडताना ब्याण्णव. पण चाचपलेली पाहून निवडायची म्हटल्यावर अवघी अठ्ठावन्न. नाणे उडवून उत्तर दिले तरी पन्नास बरोबर येतील! मॉलिन्यूचे 'नाही' खरे ठरले. २०११ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मात्र त्यातल्या काही मुलांची पुन्हा परीक्षा घेतली, तेव्हा थोड्याच दिवसांत ती हे काम चांगले करू लागली होती. लॉकला याची कल्पना नव्हती.

पाहायला शिकताना अडते कोठे, हेही या अभ्यासातून दिसले. एकमेकांवर आलेला चौकोन आणि वर्तुळ दाखवले तर नवी दृष्टी आलेला माणूस दोनऐवजी तीन वस्तू मोजतो, कारण रेषा छेदतात तेथे त्याला तिसरा तुकडा दिसतो. चेंडूची सावलीही त्याला वेगळी वस्तू वाटते. पण तेच आकार हलू लागले की गोंधळ बराच ओसरतो. जे एकत्र हलते ते एक, हा नियम मेंदूला प्रथम उमगतो, आणि काही महिन्यांनी स्थिर चित्रेही सुटी होऊ लागतात.

म्हणून सगळेच अनुभवाने येते, असे मात्र नाही. बाण आत किंवा बाहेर वळवल्यामुळे सारख्या लांबीच्या रेषा लहानमोठ्या भासतात, तो म्युलर-लायर दृष्टिभ्रम आपण प्रात्यक्षिकाच्या तासाला पाहतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नुकतीच दृष्टी आलेल्या मुलांनाही हा भ्रम पहिल्याच दिवसांत झाला. तेव्हा फसण्याचे शिक्षण तरी बाहेरून घ्यावे लागत नाही, असे दिसते.

उशिरा शस्त्रक्रिया झालेल्या या मुलांची नजर आपल्याइतकी तीक्ष्ण होत नाही. बारीक अक्षरे बहुतेकांना कायमची अवघड राहतात. तरीही फिकट आणि गडद यांतील भेद ओळखण्याची काहींची शक्ती शस्त्रक्रियेनंतर महिनोन्‌महिने वाढत गेली, आणि ही मुले कुमारवयातली होती. सधन देशांत बाळाच्या बाहुलीत पांढरेपणा दिसला की ते तान्हेपणीच शस्त्रक्रियेला जाते. त्यामुळे मॉलिन्यूला हवे होते तसे, चाचपून जग ओळखणारे आणि बोलून उत्तर देणारे मूल तेथे मिळणेच कठीण. आपल्याकडे ती पाच मुले मिळाली, कारण इतकी वर्षे त्यांच्या डोळ्यांपर्यंत कोणी पोचलेच नव्हते.