जुनी डिस्क काढली आणि कॉम्प्युटर सुरूच होईना? फॉरमॅटची घाई करू नका



१४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार मायक्रोसॉफ्टने बंद केला. त्यामुळे संघाच्या ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरला नवी एसएसडी डिस्क बसवून त्यावर नवं विंडोज टाकायचं, असा विचार तुमच्याकडेही चालू असेल. विचार चांगला आहे, पण त्यात एक अडचण हमखास येते. ती आधीच समजून घेऊ.

नवी डिस्क बसते, कॉम्प्युटर झपाझप चालतो. मग कोणी म्हणतं, "आता ही जुनी डिस्क कशाला ठेवायची?" डिस्क काढली, बटण दाबलं, की काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळ येते: "नो बूटेबल डिव्हाइस" किंवा "बूटएमजीआर इज मिसिंग". अर्थ एवढाच, की सुरू कुठून व्हायचं ते कॉम्प्युटरला सापडत नाही.

असं का होतं?

दप्तर नव्या कपाटात नेलं, पण किल्ली जुन्या कपाटातच राहिली, तसाच हा प्रकार. कॉम्प्युटर चालू करताना आधी काही छोट्या फाइल वाचल्या जातात. त्या "विंडोज अमुक ठिकाणी आहे" असं सांगतात. यांना बूट फाइल म्हणतात. नवं विंडोज टाकताना जुनी डिस्कही जोडलेली असली, तर या फाइल बऱ्याचदा जुन्या डिस्कवरच्या छोट्या भागात जातात. विंडोज नव्या डिस्कवर आणि किल्ली जुन्या डिस्कवर, असं होऊन बसतं. तुमची माहिती बहुतेक वेळा जागेवर सुखरूप असते.

मग काय करायचं?

१. कॉम्प्युटर बंद करा, प्लग काढा आणि जुनी डिस्क होती तशी परत जोडा. वायर घट्ट बसली आहे ना, तेही बघा. कॉम्प्युटर सुरू झाला, तर बूट फाइल जुन्या डिस्कवर आहेत असं समजा.

२. सुरू झाला, की सगळ्यात आधी हिशेबाच्या फाइल पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. बचत, अंतर्गत कर्ज, हप्ते, इतिवृत्त, सगळं. बाकीची दुरुस्ती नंतर.

३. की-बोर्डवरचं विंडोजचं चिन्ह आणि एक्स ही बटणं एकत्र दाबा, "डिस्क मॅनेजमेंट" उघडा. "सिस्टिम" हा शब्द कोणत्या डिस्कच्या भागावर लिहिलेला आहे ते पाहा. तो जुन्या डिस्कवर दिसला, तर किल्ली तिथेच आहे. या पानावर फक्त बघायचं, काही पुसायचं नाही.

४. "सिस्टिम" नव्या डिस्कवरच दिसत असेल, तर कदाचित फक्त क्रम चुकला आहे. जुनी डिस्क काढून कॉम्प्युटर सुरू करतानाच एफ १२, एफ ९, एफ २ किंवा डिलीट यांपैकी तुमच्या कंपनीचं बटण दाबा. यादीत नवी डिस्क किंवा "विंडोज बूट मॅनेजर" निवडा. दरवेळी तारीखही चुकीची दिसत असेल, तर आतला नाण्याएवढा सेल संपला असेल. सेल संपला की ही सेटिंग पुसली जाऊ शकते. तो बदलून घ्या.

५. किल्ली जुन्या डिस्कवर असेल, तर दुरुस्ती करताना फक्त नवी डिस्क जोडलेली ठेवा. किमान ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर तयार केलेल्या विंडोजच्या सेटअपमधून कॉम्प्युटर सुरू करा. "इन्स्टॉल" नको, "रिपेअर" निवडा, पुढे "ट्रबलशूट"मध्ये "स्टार्टअप रिपेअर". एवढ्यावर जमलं नाही, तर पुढचं काम जाणकाराचं. नव्या डिस्कवर बूटसाठी छोटी जागा करून "बीसीडीबूट" या आदेशाने फाइल तयार कराव्या लागतात.

दुकानात गेल्यावर

रिपेअरवाल्या भाऊंना स्पष्ट सांगा: "दादा, फॉरमॅट नको. विंडोज नव्या डिस्कवर आहे, फक्त बूट फाइल तिथे करून द्या." फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकणं त्यांना सोपं वाटू शकतं, पण त्यात गटांच्या नोंदी गेल्या तर त्या दुकानात परत मिळत नाहीत. कोणत्या ताईचं किती कर्ज बाकी, कोणाचा कोणता हप्ता भरला, हे पुन्हा वह्यांवरून जुळवायला महिने लागतील, आणि तोवर वाद होतील ते वेगळेच. नियमित लेखे हे आपल्या दशसूत्रीतलं सूत्र आहे, ते कॉम्प्युटरलाही लागू आहे.

विंडोज ११ च्या काही कॉम्प्युटरवर डिस्कला कुलूप असतं. असा बदल केला, की ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती आधीच शोधून कागदावर लिहा आणि कपाटात ठेवा.

जुनी डिस्क भंगारात नको

तिच्यावर सभासदांच्या आधारच्या आणि पासबुकच्या प्रती असतात. नव्या डिस्कवर कॉम्प्युटर नीट चालू लागला, तरी जुनी डिस्क निदान महिनाभर कपाटात, उन्हापासून आणि धुळीपासून लांब ठेवा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, पत्र्याच्या खोलीत ती ठेवू नका. नंतर माहिती पूर्ण पुसूनच टाकायची.

अजून डिस्क बदलायची असेल, तर सोपा मार्ग आहे. नवं विंडोज टाकताना जुनी डिस्क काढूनच ठेवायला सांगा, म्हणजे किल्ली आपोआप नव्या डिस्कवर पडते. आणि येत्या मासिक बैठकीत एक ठराव लिहून घ्या: दर महिन्याला हिशेबाची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढायची, आणि तो पेन ड्राइव्ह ऑफिसात नाही, पदाधिकारी ताईंच्या घरी ठेवायचा.