काळ्या मातीवर इमारत उभी राहते कशी?

इमारतीवरचा सगळा भार शेवटी जमिनीत उतरतो. स्लॅबचे वजन बीमवर, बीमचे कॉलमवर, कॉलमचे फूटिंगवर आणि तिथून मातीत. दहा बाय दहाच्या खोलीवरच्या पाच इंची स्लॅबचेच वजन सुमारे ३ टन भरते. फरशी, कपाटे आणि माणसे वेगळीच. जमिनीने खालून तेवढाच जोर दिला तर इमारत जागची हलत नाही, कमी पडला तर ती खचते. भार मोठ्या क्षेत्रावर पसरला की मातीवरचा दाब उतरतो, म्हणून फूटिंग कॉलमपेक्षा कितीतरी रुंद ठेवतात.

नागपूरच्या दक्षिणेला बेसा, बेलतरोडी, पिपळा या भागांत एक वेगळीच पंचाईत होते. इथली काळी माती कधीकधी हवा त्यापेक्षा जास्त जोर लावते. बेसॉल्ट खडक झिजून तयार झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. पावसाळ्यात त्याच्या अतिसूक्ष्म थरांमध्ये पाणी शिरते आणि माती फुगते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की तीच माती आकसते आणि जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कपाशीला मानवणारी, ओल धरून ठेवणारी ही माती बांधकामाला मात्र छळते. आता तिथल्या शेतांचे प्लॉट पडले आहेत.

गंमत अशी की तिचा पहिला फटका बसतो तो हलक्या बांधकामाला. चार मजली इमारत आपल्या वजनाने मातीचा रेटा दाबून धरते, शिवाय तिचा पाया खोल गेलेला असतो. कम्पाउंड वॉलचे वजन ते किती आणि तिचा पाया दोन-तीन फुटांचा. एका टोकाला पाणी साचले की तिथली माती फुगते, भिंत तेवढीच उचलली जाते आणि विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांचा तिरपा तडा जातो. तो प्लास्टरने बुजवून काही होत नाही. पुढच्या पावसाळ्यात तो पुन्हा उघडतो.

साधा उपाय म्हणजे घट्ट मुरूम लागेपर्यंत खोदायचे आणि प्लिंथमध्ये काळ्या मातीऐवजी मुरूम भरून धुम्मस करायचे. मातीचा थर जाड असेल तर अंडर-रीम्ड पाइल घेतात. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने या पद्धतीवर मोठे काम केले आहे. सुमारे साडेतीन मीटर किंवा त्याहून खोल, जिथे ओल फारशी बदलत नाही तिथवर हा काँक्रीटचा खांब जातो. बुडाशी त्याला खांबाच्या अडीच पट रुंदीचा फुगवटा असतो. वरची माती उचलू लागली तरी त्या फुगवट्यामुळे खांब वर येत नाही. घराभोवतीच्या पाण्याला उतार देणे हाही पाया राखण्याचाच भाग आहे. गळका पाइप काळ्या मातीत फार महागात पडतो.

पायाच्या वर बळांचा खेळ बदलतो. काँक्रीट दाब उत्तम सोसते, पण ताणात त्याची ताकद साधारण दहाव्या हिश्श्यावर येते. भाराखाली बीम किंचित वाकतो तेव्हा त्याची वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते. म्हणून मुख्य सळया खाली. बाल्कनीत सगळे उलटे. ती एकाच बाजूला धरलेली असल्याने ताण वर येतो आणि सळयाही वरच हव्यात. काँक्रीट ओतताना कामगारांच्या पायांखाली त्या सळया दबून खाली गेल्या, तर लोखंड पूर्ण असूनही बाल्कनी कमजोर राहते. उन्हाने लोखंड आणि काँक्रीट जवळपास सारखेच प्रसरण पावतात, म्हणून नागपूरच्या उन्हातही ही जोडी टिकते.

उभा भार सोसणारी इमारत आडवा धक्का सोसेलच असे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात ते दिसले. चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरचे मातीचे जड माळवद एकमेकांना बांधलेले नव्हते, त्यामुळे धक्का बसताच ते कोसळले. तेव्हाच्या भूकंप-धोक्याच्या नकाशात किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. म्हणून नागपुरात भूकंप होत नाही, या समजुतीवर विसंबणे बरे नाही.

आजच्या फ्लॅट स्कीममध्ये धोक्याची जागा तळाशी असते: खाली पार्किंग, वर फ्लॅट. वरचे मजले विटांच्या भिंतींमुळे ताठ राहतात. पार्किंगमध्ये नुसते कॉलम असल्याने आडव्या धक्क्यात सगळे वाकणे तिथेच एकवटते. २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपात केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर अहमदाबादेत अशा कितीतरी इमारती पडल्या. तळमजल्याचे कॉलम अधिक दणकट घेणे, काही ठिकाणी काँक्रीटच्या भिंती देणे आणि कॉलममधल्या रिंगांची टोके १३५ अंशांत आत वळवणे हे त्यावरचे उपाय. ९० अंशांत वळवलेली रिंग जोराच्या हादऱ्यात उघडते आणि मग उभ्या सळया बाहेर फुगतात.