खोली क्रमांक ६०६

कोपनहेगनच्या मुख्य रेल्वे स्थानकातून बाहेर पडलं, की १८४३ पासून चालत आलेली टिव्होली ही करमणुकीची बाग लागते. तिच्या झाडांवरून नजर वर गेली, की सुमारे ७० मीटर उंचीचा काचेचा एक मनोरा दिसतो. काचा हिरवट करड्या. आभाळ भरून आलेलं असलं, की मनोऱ्याचा वरचा भाग ढगांत मिसळून जातो. चर्चचे सुळके आणि तांब्याची हिरवी पडलेली छपरं यांच्या या जुन्या शहरात १९६० साली हे रॉयल हॉटेल सुरू झालं, तेव्हा त्याला पुष्कळ नावं ठेवली गेली. आज जगभर ज्यांना ‘डिझाइन हॉटेल’ म्हणतात, त्यांचं मूळ शोधायला जाणारे मात्र इथेच येऊन पोचतात.

ते बांधलं स्कँडिनेव्हियन एअरलाइन्स या विमान कंपनीने. १९५४ साली या कंपनीने उत्तर ध्रुवाच्या बाजूने कोपनहेगन ते लॉस एंजेलिस अशी विमानसेवा सुरू केली होती. परदेशी प्रवासी वाढत होते आणि त्यांना उतरायला तोलामोलाची जागा हवी होती. म्हणून मनोऱ्याच्या पायथ्याशी, आडव्या बुटक्या इमारतीत, कंपनीने प्रवाशांसाठी टर्मिनल थाटलं. सामान इथेच सोपवायचं आणि बसने विमानतळ गाठायचा. वरच्या मनोऱ्यात मुक्काम.

काम सोपवलं आर्ने याकोबसेन या वास्तुविशारदाकडे. जन्म १९०२चा. त्यांना व्हायचं होतं चित्रकार, वडिलांच्या सांगण्यावरून ते वास्तुकलेकडे वळले. ज्यू असल्यामुळे १९४३ साली नाझींच्या तावडीतून सुटण्यासाठी पत्नी योनासह एका लहानशा होडीतून सामुद्रधुनी ओलांडून त्यांना स्वीडन गाठावं लागलं. तिथे इमारती बांधायचं काम कुठलं मिळणार? मग ते पानाफुलांची, गवताची चित्रं काढू लागले. कापडावर छपाई करणं हा योनांचा पेशाच होता, त्यामुळे त्या नक्ष्या कापडावर उतरल्या. परागंदा होऊन काढलेले ते दिवस या हॉटेलच्या मुळाशी आहेत असं मला फार वाटतं. कारण पोलाद आणि काच यांच्या या इमारतीत त्यांनी एक हिवाळी बाग केली आणि काचेच्या दुहेरी भिंतींच्या मधल्या पोकळीत ऑर्किड टांगली. बाहेर बर्फ पडत असताना आत बसलेल्या माणसाला फुलांआडून ते दिसावं, ही कल्पना पानं न्याहाळत बसलेल्या माणसालाच सुचू शकते.

इमारतीचा बाह्याकार न्यूयॉर्कच्या लीव्हर हाउसची आठवण करून देतो, ते उघडच आहे. खरी गंमत आत शिरल्यावर सुरू होते. पडदे, गालिचे, दिवे, दारांच्या मुठी, पेले, काटे-चमचे, सगळं याकोबसेन यांच्याच हातचं. लॉबीतला गोल जिना छतापासून लोंबणाऱ्या पोलादी सळ्यांवर तोललेला. एवढा जड जिना, पण वाटतं की कुणी पट्टी गुंडाळून अलगद अधांतरी सोडली आहे.

आणि मग त्या खुर्च्या. इमारत सगळी चौकोनांची, सरळ रेघांची. तिच्या पोटात ठेवायला त्यांनी १९५८ साली ‘एग’ आणि ‘स्वान’ घडवल्या, म्हणजे अंडं आणि हंस. दोन्हींत सरळ रेघ औषधालाही सापडत नाही. खुर्ची कागदावर काढून भागेना, म्हणून एखाद्या शिल्पकारासारखं प्लास्टर चढवत आणि खरवडत त्यांनी आकार शोधला. तो फोमच्या कवचात उतरवला फ्रिट्झ हॅन्सन या कारखान्याने. त्यावरचं कापड किंवा चामडं वळणावळणाने ताणून बसवणं हे निष्णात हाताचं काम, चामड्याची शिवण तर आजही हातानेच घालतात. लॉबी म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांचा चव्हाटा. तिथे एगमध्ये टेकलं, की डोक्याच्या दोन्ही बाजूंना पाठीचे कान येतात, गलबला मागे राहतो आणि परक्या शहरात आलेल्या एकट्या माणसाला हातभर खासगी जागा मिळते. देखणेपणाबद्दल या खुर्चीचं कौतुक फार होतं, तिच्यातल्या या मायेबद्दल त्या मानाने कमी.

काटे-चमच्यांच्या नशिबी मात्र कौतुक लवकर आलं नाही. बारीक, सपाट, नक्षीचा मागमूस नसलेले ते चमचे जेवणाऱ्यांच्या हातात बसेनात आणि हॉटेलने ते बदलले. त्यांना पुढे वेगळीच वाट फुटली. १९६८ साली स्टॅन्ली क्युब्रिक यांच्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटात अंतराळवीर त्यांनीच जेवताना दिसले. ते आजही बनतात आणि विकले जातात.

हॉटेल म्हणजे संग्रहालय नव्हे. गालिचे झिजतात, न्हाणीघरं जुनी होतात, व्यवस्थापन बदलतं. दर नूतनीकरणात याकोबसेन यांची एकेक वस्तू बाहेर पडत गेली. शोककथा म्हणावी तर याच काळात एग आणि स्वान जगभरच्या कचेऱ्यांत आणि प्रतीक्षालयांत जाऊन पोचल्या होत्या. ‘ड्रॉप’ ही थेंबाच्या आकाराची छोटी खुर्ची खास या हॉटेलपुरती केलेली. तीही फ्रिट्झ हॅन्सनने २०१४ साली बाजारात आणली. २०१८ साली ‘स्पेस कोपनहेगन’ या स्थानिक डिझाइनरांनी हॉटेल नव्याने सजवलं, तेव्हा खोल्या आजच्या चवीच्या झाल्या, पण त्यांत याकोबसेन यांच्या खुर्च्या पुन्हा माहेरी आल्या.

एक खोली तेवढी मूळ रूपात सांभाळून ठेवली आहे, सहाव्या मजल्यावरची ६०६. निळसर हिरव्या कापडाच्या खुर्च्या, तसाच सोफा, भिंतीच्या खालच्या भागावर गर्द तपकिरी वेंगे लाकडाचा पट्टा. त्या लाकडातच शृंगारमेज दडवलेलं आहे. झाकण उचललं की आतून आरसा वर येतो. आणि लाकडाच्या कडेने एक खाच जाते, तिच्यातून दिवा सरकवता येतो. पलंगावर वाचत पडलात तर उशाशी, पत्र लिहायला बसलात तर तिकडे.