दुर्बीण घालण्याआधी
(लेखमाला ‘ओटीपोटातलं दुखणं’, लेखांक ११)

या आठवड्यात चॉकलेट सिस्टवर, म्हणजे बीजांडकोशात साचलेल्या जुन्या रक्ताच्या गाठीवर, लिहीन असं कबूल केलं होतं. ते पुढे ढकलतो आहे, कारण पेठ वडगावहून आलेलं एक पत्र. लिहिणाऱ्या ताई शाळेत शिकवतात. वय ३१, लग्नाला चार वर्षं झाली, दोन वर्षं मूल व्हावं म्हणून प्रयत्न चालू आहेत. पाळीचे पहिले दोन दिवस गोळी घेऊन वर्गावर जायचं आणि मधल्या सुट्टीत पोट धरून स्टाफरूममध्ये बाकावर आडवं व्हायचं. दुखणं दहावीपासूनचं. कोल्हापुरातल्या डॉक्टरांनी एंडोमेट्रिऑसिसची (गर्भपिशवीच्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढण्याच्या आजाराची) शंका घेऊन ‘हिस्टेरो-लॅप करून बघू’, म्हणजे गर्भपिशवी आणि पोट दुर्बिणीतून तपासू, असं सुचवलं आहे. सासूबाई मात्र अडून बसल्यात : ‘दुर्बिणीचं ऑपरेशन म्हंजे मूल बंद करायचं न्हवं? आन् हिला तर मूल पायजे!’ ताई विचारतात, करू की नको?

सासूबाईंना आधी उत्तर देऊ. त्यांच्या पिढीनं दुर्बीण पाहिली ती कुटुंब नियोजनाच्या शिबिरात, एका सकाळी ओळीनं झोपवलेल्या बायकांवर. तेव्हा त्यांची भीती खोटी नाही. यंत्र तेच, काम मात्र उलटं. तिथं नळ्यांवर रिंग चढवतात. इथं गर्भपिशवीतून निळं औषध सोडून ते नळ्यांच्या टोकातून बाहेर पडतं का, ते बघतात. डॉक्टरांनी एकदा सासूबाईंना समोर बसवून हे चित्र काढून दाखवावं. आमच्या भागात सही सुनेची असते आणि होकार घराचा असतो.

आता पत्रातली एक ओळ. ‘सोनोग्राफी नॉर्मल आहे. बाटलीभर पाणी पिऊन लघवी रोखून बसवलं होतं.’ म्हणजे सोनोग्राफी पोटावरून झाली. एंडोमेट्रिऑसिस शोधायला ती अपुरी पडते. त्यासाठी लघवी करून, मूत्राशय रिकामं ठेवून योनिमार्गातून तपासावं लागतं, आणि बघणाऱ्याला हा आजार शोधायची सवय हवी. मी स्वतः अशा तपासणीला उभा राहतो तेव्हा आधी बीजांडकोश बघतो, मग गर्भपिशवीमागची जागा. हलकेच दाब दिला की गर्भपिशवी आणि आतडं एकमेकांवरून घसरायला हवीत. घसरली नाहीत तर मागे चिकटलेलं आहे, हे पोट न उघडता कळतं. चॉकलेट सिस्ट आणि खोलवर रुतलेल्या गाठी जाणत्या नजरेला बहुतेक वेळा अशा सापडतात. पोटाच्या आतल्या अस्तरावरचे काजळाच्या ठिपक्यांसारखे बारीक डाग मात्र सोनोग्राफीत दिसत नाहीत, एमआरआयमध्येही सहसा नाहीत. त्यांच्यासाठीच दुर्बीण उरते.

पूर्वी असं नव्हतं. वंध्यत्वाची बाई आली की दुर्बीण ठरलेलीच. १९७८ मध्ये इंग्लंडमध्ये पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं, त्यासाठी आईचं बीजसुद्धा डॉ. स्टेप्टो यांनी दुर्बिणीतूनच काढलं होतं. आपल्याकडे केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी बाळ जन्मलं. पुढे बीज काढायचं काम योनिमार्गातून सोनोग्राफी बघत सुईनं होऊ लागलं, भूल कमी झाली, पोटावरची भोकं गेली. निदानाच्या बाबतीतही हळूहळू तेच झालं. २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी दुर्बिणीला निदानाच्या सर्वोच्च आसनावरून उतरवलं. सोनोग्राफी, एमआरआयमध्ये काही सापडत नसेल, किंवा औषधांनी भागत नसेल अथवा ती देता येत नसतील, तेव्हा दुर्बीण, असं त्या म्हणतात. मूल हवं असलेल्या बाईला पाळी थांबवणारी औषधं देता येत नाहीत, म्हणून ताईंचा प्रश्न नेमका या कोपऱ्यात येऊन अडकतो.

मग दुर्बिणीनं गर्भ राहायला मदत होते का? इथं मला रमायला आवडतं, कारण उत्तर देणारे अभ्यास मोजकेच आहेत. १९९७ मध्ये कॅनडातल्या डॉक्टरांनी मूल होत नसलेल्या ३४१ स्त्रियांचा अभ्यास छापला. सगळ्यांच्या पोटात सौम्य एंडोमेट्रिऑसिस दिसला होता. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करून १७२ जणींचे डाग तिथल्या तिथे काढले किंवा जाळले, १६९ जणींचं पोट नुसतं बघून बंद केलं. ३६ आठवडे वाट पाहिली. डाग काढलेल्यांपैकी ५० जणींना गर्भ राहून वीस आठवड्यांपुढे टिकला, दुसऱ्या गटात २९ जणींना. दोन वर्षांनी इटलीतल्या छोट्या अभ्यासात मात्र काहीच फरक दिसला नाही. सगळं एकत्र धरलं तर फायदा आहे, पण बेताचा. कॅनडाचे आकडे धरले तर साधारण आठ जणींचे डाग काढावेत तेव्हा एकीला जास्तीचा गर्भ राहतो. तोही डाग सापडले तर! ज्यांच्या पोटात काहीच निघत नाही त्या बायका या हिशेबात धरलेल्याच नाहीत.

यातून माझं पक्कं मत झालं आहे. नुसतं बघायला दुर्बीण घालू नये. दिसलं तर त्याच भुलीत काढता येईल अशा हातांनीच ती घालावी, आणि तशी लेखी संमती आधी द्यावी. ‘आधी बघू, मग मोठ्या डॉक्टरांकडे पाठवू’ म्हणजे दोन भुली, दोन खर्च आणि दोनदा रजा. एंडोमेट्रिऑसिसमध्ये पहिलं ऑपरेशन सगळ्यात मोलाचं. गर्भ राहावा म्हणून पुन्हा पुन्हा पोट उघडून हाती फारसं लागत नाही.

आपल्याकडे दुर्बिणीच्या बाजूनं आणखी एक कारण आहे, जे परदेशी पुस्तकांत तळटिपेला जातं : क्षयरोग. घरात कुणाला टीबी झालेला असेल, पाळी कमी झाली असेल, नळ्यांच्या एक्स-रेमध्ये टोकं बंद दिसत असतील, तर दुर्बिणीतून दिसणारे दाणे आणि चिकटलेली आतडी सगळा निर्णयच फिरवतात. अशा पोटात एंडोमेट्रिऑसिस शोधायला गेलेला डॉक्टर टीबीचे नमुने घेऊन बाहेर येतो.

धोका किती, हे ताईंनी विचारलेलं नाही, पण विचारायला हवं. बेंबीत सुमारे एक सेंटिमीटरचं भोक, कडेला अर्ध्या सेंटिमीटरची एक-दोन, पोटात कार्बन डायऑक्साइड. नंतर एक-दोन दिवस खांदा दुखतो, तो त्या वायूमुळे, घाबरायचं कारण नाही. आतडं किंवा रक्तवाहिनी दुखावण्यासारखी गंभीर गुंतागुंत हजारात साधारण दोघींना होते. थोडी आहे, पण शून्य नाही.

आणि तीन पानी पत्रात नवऱ्याच्या वीर्यतपासणीचा शब्दसुद्धा नाही! भूल नाही, टाका नाही, खर्च थोडा. ती न करता बायकोला टेबलावर घेणं मला मान्य नाही. शुक्राणू फार कमी निघाले तर दुर्बिणीतले डाग काढून काय मिळवणार? मग सरळ टेस्ट ट्यूबचाच विचार करावा लागेल.

तेव्हा ताई, माझा सल्ला असा. आधी नवऱ्याचा रिपोर्ट, तुमची एएमएच तपासणी (बीजांचा साठा किती उरला आहे, हे सांगणारी रक्ततपासणी), नळ्यांचा एक्स-रे आणि जाणत्या हाताची योनिमार्गातून सोनोग्राफी. सोनोग्राफीतच सिस्ट किंवा खोल गाठ निघाली तर निदानासाठी दुर्बिणीची गरज उरली नाही; पुढे काय, ते पुढच्या लेखांकात. तुमचं वय ३७ असतं किंवा एएमएच तळाला गेलं असतं, तर दुर्बिणीत महिने घालवू नका म्हटलं असतं. पण वय ३१, नळ्या मोकळ्या, नवऱ्याचा रिपोर्ट चांगला, सोनोग्राफीत काही नाही आणि तरी दर महिन्याला बाकावर आडवं व्हावं लागतंय, असं असेल तर मी दुर्बिणीच्या बाजूनं आहे. ती केवळ मुलासाठी नाही, तुमच्या दुखण्यासाठीही. ‘लेकरू झालं की दुखणं जाईल’ असं कुणी म्हणालं तर त्यावर विसंबू नका. ऑपरेशननंतर ‘पोटाला विश्रांती’ म्हणून पाळी थांबवणारी इंजेक्शनं सुचवली तर, लगेच मूल हवं असल्याचं स्पष्ट सांगा. त्यांनी गर्भ राहायची शक्यता वाढत नाही, उलट तेवढे महिने जातात.

दुर्बीण झाली तर ऑपरेशनची लेखी नोंद आणि व्हिडिओची प्रत घरी नेल्याशिवाय डिस्चार्ज घेऊ नका. पुढचा कोणताही डॉक्टर आधी तेच मागेल.