मर्सिडीजच्या अलीकडच्या तीन भन्नाट गाड्या

१. एस-क्लास (२०२०): सव्वापाच मीटरहून लांब गाडी, पण गल्लीत वळवताना तसं जाणवतच नाही. पर्याय म्हणून मिळणाऱ्या यंत्रणेत मागची चाकंही १० अंशांपर्यंत वळतात. कमी वेगात ती पुढच्या चाकांच्या उलट दिशेला वळतात, त्यामुळे कमी जागेतही गाडी फिरते.

२. ईक्यूएस (२०२१): ही इलेक्ट्रिक सेडान. हवेच्या अवरोधाचा गुणांक फक्त ०.२०! बंद ग्रिल, दारात बसणारी हँडल्स आणि खालून सपाट तळ, ही त्यामागची करामत. २०२२ पासून ईक्यूएस ५८० ची जुळणी आपल्या पुण्याजवळच्या चाकणला सुरू झाली. एआरएआयच्या चाचणीत तिची रेंज ८५७ किमी भरली.

३. जी ५८० (२०२४): इलेक्ट्रिक जी-क्लास. प्रत्येक चाकाला स्वतंत्र मोटर. डावी-उजवी चाकं उलटसुलट फिरवली की मातीत गाडी जागच्या जागी गोल फिरते. ८५ सेंटीमीटर खोल पाण्यातूनही जाते, म्हणजे डिझेल जी-क्लासपेक्षा जास्तच!

माझी आवडती ईक्यूएस, कारण तिचं देखणेपण थेट विज्ञानातून आलंय. तुमची कोणती? कमेंटमध्ये नक्की सांगा.

#मर्सिडीज #गाडीप्रेमी